तिसऱ्यांदा कात्री

राजे ग्लेब यांच्या कपाळावर सकाळी घाम फुटला आणि राणी उल्याना धास्तावली. ताप उतरत होता. एरवी तिनं गावभर घंटा वाजवायला लावल्या असत्या. आज मात्र ती तागाच्या फडक्यानं घाम टिपत राहिली, कुणाला दिसू नये म्हणून. पलंगाच्या पायथ्याशी धाकटा दीर यारोपोल्क उभा होता आणि दाराबाहेर त्याची माणसं.

रीत अशी, की राजा मरणाच्या दारात असला की त्यानं दीक्षा घ्यावी, साधू होऊन देवाकडे जावं. रीत चांगलीच. पण दीक्षा घेतलेला माणूस पुढे बरा झाला, तरी साधूच राहतो. ना गादी, ना बायको. यारोपोल्कला गादी हवी होती, त्यात लपवण्यासारखं काय होतं? चुलतभाऊ आड आला, तेव्हा मेल्यानं त्याचे डोळे काढवले होते.

"किती पुसाल, वहिनी? सरका जरा. पाखोमीबाबांना त्यांचं काम करू द्या."

"फार घाई झालीये तुम्हाला, भाऊजी."

"दादाच्या आत्म्याची काळजी आहे मला."

"दिसतेय ना. बाहेर कुऱ्हाडी घेऊन उभी आहे ती."

मठाचे म्हातारे गुरू पाखोमी यांनी दीक्षेचे केस कापायची कात्री रजईवर ठेवली. "ग्लेब, स्वखुशीनं येत असशील तर ही उचलून माझ्या हातात दे. तीनदा द्यायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

नका उचलू, उल्याना मनातल्या मनात म्हणत होती. बरे होताय, अहो, नका उचलू. ग्लेबचे डोळे मिटलेले होते, पण मघाशी फडक्याआड त्यांनी तिचं बोट दाबलं होतं. ते पुरते शुद्धीवर होते.

हात हलला. त्यांनी कात्री दिली. पाखोमींनी ती परत रजईवर ठेवली, ग्लेबनी परत दिली. तिसऱ्यांदा मात्र ग्लेबनी ती मुठीत धरली आणि सोडेचनात.

यारोपोल्क उशाशी आला. "दादा अवघडलाय," म्हणत त्यानं डोक्याखालची उशी काढून घेतली. पण नीट करून परत ठेवली नाही, दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा. वहिनींनाही न्या."

पाखोमींनी खाली पाहिलं. म्हातारा अडवणार नव्हता. खड्ड्यात गेली ती गादी, उल्यानाला वाटलं, माणूस तरी राहू दे. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"द्या," ती म्हणाली. "अहो, देऊन टाका."

मूठ सुटली. केस कापले गेले, गेरासिम हे नवं नाव मिळालं. यारोपोल्कनं उशी भावाच्या डोक्याखाली अलगद सरकवली, साधूच्या केसालाही धक्का लावणार नाही म्हणून क्रूसाचं चुंबन घेऊन शपथ वाहिली आणि तो गादीवर बसायला गेला. दाराबाहेरची माणसंही त्याच्या मागोमाग गेली.

ग्लेबनी डोळे उघडले. वाचले होते. उल्यानाला हसू आणि रडू एकदमच आलं. घाम आता नुसता ओघळत होता, डोळ्यांत उतरून झोंबत असणार. ती फडकं घेऊन पुढे झाली.

"बाई," पाखोमी हळूच म्हणाले, "साधूला बाईमाणसानं शिवू नये."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता ते म्हाताऱ्याला बाहेर घालवतील, याची तिला खात्री होती.

ग्लेबनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ऐका त्यांचं, ताई," ते म्हणाले.