दुसऱ्यांदाचं मीठ

थोरलीनं प्लास्टरमधला उजवा हात टेबलावर ठेवला आणि सुनेला म्हणाली,

"आधी हात धू."

"धुतलेत."

"माझ्यासमोर धू."

सुनेनं नळ सोडला, कोपरापर्यंत हात धुतले आणि ते निथळेपर्यंत तसेच हवेत धरून उभी राहिली. पुसलेला हात थोरलीला चालत नसे. फडक्याचा धागा पिठात जातो. महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाची भाकर एकतीस वर्षं या टेबलावर मळली जात होती आणि एकतीस वर्षांत तिच्यात धागा निघाला नव्हता.

तिला थोरली सगळेच म्हणत. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. दोन आठवड्यांपूर्वी ती कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढली आणि मनगटावर पडली. ते कपाट सुनेनं सकाळीच पुसलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, मग परत का चढलात, तेव्हा थोरली म्हणाली की पुसणं आणि पुसल्यासारखं करणं यातला फरक डॉक्टरांना कळायचा नाही, त्यांच्याकडे मोलकरीण असणार.

हात गळ्यात अडकला, तरी भाकर घराबाहेर जाऊ द्यायला ती तयार नव्हती. चर्चमधल्या मास्तरीणबाईंनी, मी करू का, असं दोनदा विचारून पाहिलं. मागच्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर, सगळी मंडळी अंगणात असताना, थोरलीनं जाहीर केलं की पुढची भाकर सून करील. जमली तर घराचं नाव, चुकली तर तिचं. लोक हसले. सुनेनं मान खाली घातली, पण त्या दिवशी घरी जाताना तिची पावलं जरा भरभर पडत होती. परत आल्यापासून चर्चचं पहिलंच काम तिच्या हाती आलं होतं.

ती परत आली त्याला वर्ष झालं होतं. त्याआधी दीड वर्ष ती घर सोडून गेली होती. कुठे आणि कोणाबरोबर, हे घरात कोणी बोलत नसे, म्हणूनच ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीचा मुलगा स्टँडवर गेला, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि एक प्रश्न न विचारता तिला घेऊन आला. चर्चच्या पाळकसाहेबांनीही तिला सांगितलं की प्रभुभोजनाच्या टेबलाशी ये, तुझी जागा आहे. थोरली मात्र म्हणाली की देव माफ करतो, ते त्याचं काम. घराची राखण हे माझं. एका सकाळी भांडी घासता घासता, कोणाकडे न बघता, तिनं हेही म्हणून ठेवलं की त्या टेबलाजवळ जायला तोंड लागतं. तेव्हापासून सून शेवटच्या बाकावर बसे, आणि भाकर वाटायची वेळ आली की खिडकीकडे बघे.

पाळकसाहेबांनी थोरलीला एकदा घरी येऊन समजावलंही होतं. कृपा कमावता येत नाही, ती फुकट मिळते, असं ते म्हणाले. थोरलीनं ऐकून घेतलं. ते गेल्यावर मुलाला म्हणाली,

"आळशी माणसांसाठी बरं आहे हे."

सुनेनं पीठ चाळलं. पाणी थोडं थोडं घातलं. या घरात भाकरीचं पीठ मळताना बोलायचं नसे, आणि चाखायचं तर मुळीच नसे. ना पीठ, ना भाजल्यावर खाली पडलेला कण. पहिला घास टेबलाशीच, त्याआधी कोणाच्या जिभेला नाही, हे थोरलीच्या सासूनं घालून दिलेलं होतं. गप्प बसून दुसऱ्याचे हात बघत राहणं थोरलीला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यात दुपारची दुखण्याची गोळी पोटात होती. पाचेक मिनिटांत तिची मान छातीवर आली.

जाग आली तेव्हा परातीवर ओलं फडकं होतं आणि सून मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. थोरलीनं टेबलावर नजर फिरवली. मिठाची बरणी फळीवर होती, झाकण घट्ट बसवलेलं. थोरलीच्या कामात बरणी शेवटपर्यंत उघडी आणि हाताशी असे. म्हणजे मीठ घातलंच नव्हतं. विसरली.

विचारता आलं असतं. अंगण चार पावलांवर होतं. पण विचारायचं तर आधी आपला डोळा लागला होता हे सांगावं लागलं असतं.

तिनं डाव्या हातानं बरणी काढली. झाकण काखेत धरून उघडलं. उजव्या हाताला एकतीस वर्षांची चिमूट पाठ होती. डाव्याला फक्त मूठ येत होती. मीठ पडलं ते पडलं. प्लास्टरनं परात दाबून धरून तिनं डाव्या हातानं पीठ दोनचार वेळा उलटंपालटं केलं, फडकं परत टाकलं आणि खुर्चीत येऊन बसली. तिला बरं वाटत होतं. उद्या जेवताना मुलासमोर ती सांगणार होती की मी होते म्हणून, नाहीतर मंडळीच्या तोंडी आळणी भाकर गेली असती.

सून आत आली. परातीतला गोळा घेऊन तिनं तो आणखी थोडा मळला, लाटला, त्यावर क्रुसाचा लाकडी ठसा दाबला आणि ओव्हनमध्ये ठेवला. थोरली बघत राहिली आणि चूक काढायला काही सापडलं नाही म्हणून जरा चिडली.

रविवारी सकाळी सून तिला बाही चढवायला बसली. एरवी थोरली तिला हात लावू देत नसे. जेवणसुद्धा डाव्या हातानं चमच्यानं, निम्मं मांडीवर सांडून. भरवू का, असं सुनेनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा मी अजून मेले नाही, असं उत्तर मिळालं होतं. पण चर्चला जायच्या पोशाखाची बटणं डाव्या हाताला लागत नव्हती. प्लास्टरच्या कडेला काहीतरी वाळून चिकटलं होतं. सुनेनं ते नखानं खरवडलं, बोटांत चुरलं, क्षणभर थांबली. मग बटण लावलं.

"काय होतं?"

"काही नाही, आई. झालं."

भाकर वाटायला सुरुवात झाली. पहिला तुकडा पाळकसाहेबांनी घेतला. त्यांचा जबडा एकदा हलला, थांबला, मग सावकाश पुन्हा हलू लागला. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. म्हातारे सुतारकाका जागेवर परत जाताना बायकोच्या कानात काही म्हणाले. त्यांना कमी ऐकू येत असल्यानं ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. समुद्र गिळला, असं ते म्हणाले होते.

थोरलीनं डावा तळवा पुढे केला. तुकडा जिभेवर ठेवला. तिनं तोंड वाकडं केलं नाही. तोंड वाकडं न करणं तिला येत होतं.

अंगणात नेहमीपेक्षा जास्त वेळ लोक रेंगाळले. सुतारकाकांनी नळाशी दोनदा जाऊन दाखवलं. मास्तरीणबाई म्हणाल्या की कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. पवित्र काम कोणाच्या हाती द्यावं याचा विचार व्हायला हवा, आणि पुढच्या महिन्यापासून पीठ त्यांच्या घरी मळलं जाईल. सगळे सुनेकडे बघत होते. तिचा नवराही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त तो तिच्या जवळ सरकून उभा राहिला होता.

सून म्हणाली,

"मीठ दोनदा पडलं. माझ्याकडून झालं. माफ करा."

दोनदा. जास्त पडलं म्हणाली नाही.

थोरलीनं खाली पाहिलं. दोन आठवड्यांत मळकट झालेल्या प्लास्टरच्या कडेला बोटभर पट्टा पांढरा निघाला होता. नखानं पीठ खरवडून काढलेला.

मास्तरीणबाई म्हणाल्या की ठसा उद्या कोणाबरोबर तरी पाठवून द्या. सुनेनं मान हलवली. तिचे हात पोटाशी एकमेकांत धरलेले होते, काल निथळत धरले होते तितकेच स्वच्छ.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी आतल्या खोलीच्या दारातून थोरलीला हाक मारली. उरलेली भाकर टाकत नसत की घरी नेत नसत. ज्या घरानं ती केली त्या घरानं पाळकांबरोबर बसून ती तिथंच संपवायची. एरवी दोन तुकडे उरत. आज ताट अर्धं भरलेलं होतं. थोरली आत गेली. सून नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर थांबली, सासूची पिशवी आणि स्वेटर धरून.

पाळकसाहेब दार लावायला वळले.

"उघडं राहू दे," थोरली म्हणाली.

ती खुर्चीवर बसली नाही. अंगणातलं बोलणं आत ऐकू येत होतं, म्हणजे आतलं बाहेर जाणारच होतं. तिचा आवाज तसाही कधी हळू नव्हता.

"पहिलं मीठ हिनं घातलं. बरोबर घातलं असणार. दुसरं मी घातलं."

बाहेर सुतारकाकांनी कोणाला तरी विचारलं, काय म्हणाली.

पाळकसाहेब टेबलावरच्या कापडाची घडी घालत होते. ती त्यांनी उलगडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. थोरली काही वेळ त्या घडीकडे बघत राहिली. आपल्याला कोणी काही बोलेल म्हणून ती थांबली होती. बोलून घेतलं असतं तर सोपं गेलं असतं.

"आत ये," ती दाराकडे न बघता म्हणाली. "हे माझ्या एकटीच्यानं संपायचं नाही."

सुनेनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी एक खुर्ची ओढून दिली. ती आली, पिशवी खाली ठेवली, खुर्चीच्या कडेवर टेकली. ताटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आधी तू," थोरली म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.

सुनेनं तुकडा मोडला. अडीच वर्षांनी. तोंडात ठेवून ती बराच वेळ चावत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते मिठानं की कशानं, हे सांगणं अवघड होतं.

मग तिनं दुसरा तुकडा मोडला आणि सासूच्या तळव्यावर ठेवायला पुढे केला. थोरलीचा डावा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला. तिनं तोंड उघडलं.

सुनेचा हात अधांतरी थांबला, मग हळूच पुढे आला.

"पाणी देऊ, आई?"

थोरलीनं मान हलवून नाही म्हटलं, आणि घास गिळून झाल्यावर परत तोंड उघडलं.