पाटावरचं बूच

भीमेच्या बॅकवॉटरला माझी बोट हाय. भागवतची बोट म्हनून लांबलांबनं लोक येत्यात. लई मिरवायचो मी.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पूजत्यात. मी बोट काठावर वढली, घासूनघासून धुतली. बोटीच्या बुडाला, मागल्या अंगाला, आत साठलेलं पानी काढायला अंगठ्याएवढं भोक असतं. त्याचं पितळी बूच काढलं. पाना-पकडीसंगं ज्योतीनं, माझ्या बायकूनं, त्यालाबी हळदकुंकू लावून पाटावर मांडलं. लाइफ जाकिटं धुऊन भिंतीवर टाकली.

दसऱ्याला दुपारी मिरजगावचे राधाकृष्ण मास्तर आले. संगं ल्योक सुनील, सून आन पाच वर्साची नात निकिता. पोरीच्या मुठीत आपट्याची पानं.

ज्योती म्हनली, "अवं, आरती झाल्याबिगर पाटावरचं काय हलवायचं न्हाई. आज बोट नगा काढू."

"लई शानी! दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी धाडू व्हय?" मी खेकसलो. पाटावरचं कायबी उचललं न्हाई, बोट तेवढी पान्यात ढकलली. जाकिटं वली हुती. मास्तर म्हनले, "राहू दे, पोरीला सर्दी होईल." मीबी मान हलवली. आग लागो त्या मानेला!

बोट पळत हुती तवर काय कळलं न्हाई. मधोमध फोटोसाठी इंजिन बंद केलं. जरा येळानं निकिता टाळ्या वाजवत म्हनली, "काका, माझी चप्पल पोहतीय!"

तेवढ्यात ज्योतीचा फोन. "अवं, बूच हितंच पाटावर हाय!"

पळत्या बोटीत त्या भोकातनं पानी आत येत न्हाई, थांबली की शिरतं. भ्या काय असतं ते मला तवा कळलं. खाली चाळीस फूट पानी, चौघांतल्या एकालाबी पवता येत न्हाई, आन पानी घोट्याच्या वर चढलेलं.

मी मागं पालथा पडलो, फळीखाली हात घातला, चाचपून चाचपून भोकात अंगठा कोंबला. "सुनीलभाऊ, इंजिनाची दोरी वढा! काठावरच्या देवळाच्या कळसाकडं धरा! बाकी कुनी उठू नका!" दोरी दोनदा वढली, इंजिन खोकलं आन बसलं. सून पोरीला छातीशी धरून वरडली, "जाकीट कुठंय? हिला जाकीट द्या ना!" नाकातोंडात पानी जात हुतं आन मी खंडोबाला म्हनत हुतो, देवा, मला ने, पर त्या पोरीला काठाला लाव.

तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मास्तर टोपीनं पानी उपसत राहिले. कसंबसं काठाला लागलो.

अंगठा सोलून लालभडक झालेला. तो बघून मास्तरांनी मला मिठीच मारली. "खडक लागून बोटीला भोक पडलं असंल रे. देवासारखा धावलास बाबा!"

निकितानं मूठ उघडली. भिजलेलं पान पुढं केलं. "काका, सोनं घ्या."

खडक! आयतंच सापडलं हुतं. नुसतं व्हय म्हनायचं हुतं, गावभर नाव झालं असतं. पर ज्योती समूर हुबी हुती, पदरात बूच घेऊन.

मी ते घेतलं आन मास्तरांच्या हातावर ठिवलं. "खडक न्हवता, मास्तर. त्या भोकाचं हे बूच. घरी ठिवून मीच तुमाला पान्यात नेलं."

मास्तरांनी हळदकुंकू लागलेलं बूच उलटंपालटं करून बघितलं. मग नातीकडं बघितलं.

बूच त्यांनी खाली ठिवलं. निकिताची मूठ पानासकट मिटवली आन तिला उचलून, माझ्याकडं न बघता, चालाय लागले.