अर्ध्या तासाचं काम

बस डेपोतल्या त्या मेकॅनिकला सगळे ‘नाक्या’ म्हणत. इंजिनाजवळ उभं राहून नुसत्या वासावरून तो त्याचं दुखणं सांगायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. थोरल्या बहिणीनेच त्याला लहानाचं मोठं केलं. पुढे तिच्या नवऱ्याने, त्याच डेपोतल्या ड्रायव्हरने, त्याला नोकरीला चिकटवलं.

त्या सकाळी भाऊजींची बस तपासताना त्याला जळक्या तेलाचा वास आला. तेल मोजायची डिपस्टिक वर उचलली गेली होती आणि तिच्या कडेने तेल पाझरत होतं. डिझेल इंजिनाच्या पोटात गॅस साठतो, तो तेलाच्या वाफेसकट ब्रीदरच्या फिल्टरमधून बाहेर पडतो. फिल्टर चोंदला की दाब वाढतो आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. हा फिल्टर बदलायची वेळ दोन महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती.

“भाऊजी, अर्धा तास थांबा. फिल्टर बदलून देतो.”

“अर्धा तास? तुझ्या ताईचे सकाळपासून तीन फोन झाले. पोरगी संध्याकाळी हॉस्टेलला निघतेय. म्हणाली, आज उशीर केलात तर घरात पाऊल टाकू नका.”

“अहो, तेल गळतंय.”

“गळू दे की! या वयात मीसुद्धा कुठे कुठे गळतोच. उद्या कर.”

नाक्या हसला. त्याने डिपस्टिक दाबून बसवली, तेल पुसलं आणि रजिस्टरमध्ये ‘गाडी ठीक’ लिहून सही ठोकली.

दुपारी चढावर तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर उडालं आणि इंजिन पेटलं. भाऊजींनी सगळे प्रवासी खाली उतरवले. मग आत कोणी राहिलं तर नाही ना, हे बघायला ते परत चढले. कोणीच राहिलं नव्हतं. ते धुरात कोसळले आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी प्राण सोडला.

चौकशीत ती सही निघाली. ताईने त्याला दारातच अडवलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग गाडी सोडलीस कशी?”

भाऊजींची घाई, तिचे तीन फोन, सगळं त्याच्या जिभेवर आलं. पण ताईचे डोळे सुजले होते आणि मागे पोरगी भिंतीला टेकून बसली होती. हे कळलं तर ताई जन्मभर स्वतःलाच खात राहील, हे त्याला दिसत होतं.

“कंटाळा केला, ताई.”

“कंटाळा?” तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू एखादा परकाच माणूस दारात उभा आहे. “जा तू. परत या घरी येऊ नकोस.”

डेपोने त्याला सहा महिने घरी बसवलं, मग कामावर परत घेतलं. आता तारीख उलटलेल्या फिल्टरवर तो एकही बस सोडत नाही. ड्रायव्हर शिव्या घालतात, साहेब डोळे वटारतात. हा ऐकून घेतो आणि पाना उचलतो.

तीन वर्षांनी भाजीबाजारात ताई अचानक समोर आली. केस पांढरे झाले होते. त्याच्या खप्पड गालांवर तिची नजर गेली आणि ती सवयीने बोलून गेली, “जेवतोस ना रे वेळेवर?”

पुढच्याच क्षणी तिला सगळं आठवलं असावं. चेहरा दगडासारखा झाला. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पाठ फिरवली.

“हो, ताई,” तो म्हणाला. तोवर ती गर्दीत शिरली होती.