कपाटाखालच्या विटा

"शालिग्राम, तिसऱ्यांदा पाणी पिऊन राहिला तू. माठ आटवतं का ऑफिसचा?"

बाबाराव प्रिंटच्या मशीनपाशी उभा होता. नकाशांच्या प्रती काढणारे त्याचे मशीन आणि माझे उतरते टेबल एकाच खोलीत होते, त्यामुळे अमोनियाच्या वासात आमची बरीच वर्षे बरोबर गेली होती. मी ग्लास उपडा ठेवला आणि हातातली गुंडाळी पुन्हा टेबलावर पसरली. आमच्या इंजिनिअर यामिनी मॅडमच्या दारापर्यंत मी त्या सकाळी तीनदा जाऊन आलो होतो. दोनदा आत ठेकेदार बसले होते. तिसऱ्यांदा कोणीच नव्हते, म्हणून परतलो.

मी ट्रेसर होतो. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढतात; तो पारदर्शक कागदावर शाईने जसाच्या तसा उतरवायचा, हे माझे काम. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढला, कोणी ट्रेस केला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. दुसऱ्या खान्यात तेहतीस वर्षे माझे नाव होते आणि त्या खान्याबाहेर मी कधी काही लिहिले नाही. चूक दिसली, तर पेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह करायचो. नकाशा देण्याआधी ते रबराने पुसायचो.

त्या दिवशीचा नकाशा गुढ़ियारीतल्या एका नालीचा होता. रायपूर राजधानी होऊन वर्षही झाले नव्हते; रोज नवे रस्ते, नव्या नाल्या, नवे साहेब. आकडे उतरवताना माझा हात अडखळला. नाली सुरू होते तिथली उंची कमी होती आणि जिथे संपते तिथली जास्त. पाणी चढावर जाणार नव्हते. ते वस्तीतच थांबले असते.

"बाबाराव, इकडे ये. हे आकडे पाय."

त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिले. "असतील. तुले काय करायचं आहे? ट्रेसर ना तू? जसं दिसते तसं उतरव. दोन महिन्यानं रिटायर होतं, मग कॉम्प्युटर येऊन राहिला इथं. कोन पुसते तुले?"

तो वाईट बोलला नाही. एवढी वर्षे हेच मी स्वतःला सांगत आलो होतो.

फक्त एकदा ते स्वतःला सांगायला नको होते. सतरा वर्षांपूर्वी आम्ही गुढ़ियारीत राहत असताना आमच्याच गल्लीच्या नालीचा नकाशा माझ्या टेबलावर आला होता. त्यातही उतार उलटा होता. मी प्रश्नचिन्ह केले आणि पुसले. नाली बांधली गेली. त्यानंतर दर पावसाळ्यात आमच्या खोल्यांत घोटाभर पाणी यायचे. माझ्या बायकोने, विजयाने, लोखंडी कपाटाखाली चार विटा घातल्या. तिसऱ्या वर्षी मला राहवले नाही, मी तिला खरे सांगितले. ती ओली चटई पिळत होती.

"तुम्हाले दिसलं होतं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलले?"

"साहेब मोठे होते. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

तिने चटई पूर्ण पिळून काढली. मग म्हणाली, "लोकायच्या घरातही पानी शिरून राहिलं जी." ती माझ्यावर कधी ओरडली नाही, त्या दिवशीही नाही. पुढे आम्ही तात्यापाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. हमालांनी कपाट वर आणले, तर त्यामागून विजया पदरात विटा घेऊन जिना चढली. मी म्हटले, "इथे कुठलं पाणी?" ती म्हणाली, "राहू द्या. तुमच्या नालीचा काही भरोसा नाही." आणि हसली. तिला जाऊन आता चार वर्षे झाली होती. कपाट अजून विटांवर होते.

ती असताना माझ्या वाटचे बोलणे तीच करायची. भाजीवाल्याशी, घरमालकाशी, माझ्या नातेवाइकांशीसुद्धा. तिच्यामागे मी गप्पच राहिलो. त्या महिन्यात वाचनालयातून मी आत्मविश्वासावरचे एक पुस्तक आणले होते. ग्रंथपालाला दिसू नये म्हणून दोन कादंबऱ्यांच्या मधे घालून आणले. रोज एक छोटी गोष्ट स्पष्टपणे मागा, असे त्यात होते. मी ऑटोवाल्याला "इथे थांबवा" म्हणायला शिकलो; पूर्वी तो थांबेल तिथून चालत मागे यायचो. आरशासमोर बोला, असेही होते. माझा आरसा दाढीचा, त्यात अर्धाच चेहरा दिसे. सुरुवातीच्या प्रत्येक धड्यापाशी कुणीतरी आधीच्या वाचकाने पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. चौथ्या धड्यानंतर खुणा नव्हत्या. या शहरात आणखी कोणीतरी तिथवर येऊन थांबला होता. कोण असेल, याचा मी बरेचदा विचार केला.

दुपारच्या जेवणानंतर मी गुंडाळी घेऊन उठलो. बाबाराव म्हणाला, "चालला? मॅडमनं हाकललं तं इकडंच ये. माठ भरून ठेवतो."

यामिनी मॅडम बुढ़ापाऱ्यातल्या मराठी घरातल्या. तिशीच्या असतील. मी मराठीत बोलायचो, त्या हिंदीत उत्तर द्यायच्या.

"हो गया, अंकल? रख दीजिए."

मी नकाशा ठेवला. निघालो. दारापाशी पोचलोही. मग मागे वळलो आणि पाठ केलेले वाक्य विसरलो.

"मॅडम, पाणी चढणार नाही."

"क्या?"

मी जवळ जाऊन बोट ठेवले. "इथून इथे. हे जास्त आहे. पाणी वस्तीत राहील. मी राहिलो आहे गुढ़ियारीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कपाटातून मोजणीची वही काढली. पाने उलटली. पंखा फिरत होता. मला वाटले, वहीतही तसेच असेल आणि माझे हसे होईल. उरलेले दोन महिने तरी गप्प राहायला हवे होते.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या. "दोनों लेवल उल्टे उतर गए हैं. मुझसे ही." थोडे थांबून म्हणाल्या, "ये तो बन जाता, अंकल. आप अब तक कहाँ थे?"

त्यांना तो प्रश्न तसा विचारायचा नसेल.

"करेक्शन वाले खाने में लिख दीजिए. किसने बताया, वो भी. अपना नाम."

तो खाना मी हजारो नकाशांवर आखला होता, रिकामा. माझे अक्षर ऑफिसात नावाजलेले. त्या दिवशी माझेच नाव वाकडे आले. ब्लेडने खरडून पुन्हा लिहावे, असे वाटले. मग तसेच राहू दिले.

खोलीत परतलो. बाबारावने पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.

संध्याकाळी घरी आलो. झालेले सांगावे असे कोणी नव्हते. दिवा लावला, कपाट उघडले आणि विजयाच्या साड्या एकेक करून पलंगावर ठेवल्या. तरीही कपाट एकट्याने हलेना. बाहेर जाऊन शेजारच्या सुशीलचे दार वाजवले. अकरा वर्षांच्या शेजारात प्रथमच.

"जरा हात लावता का?"

"हव काका, चलिए ना." त्याने एका बाजूने कपाट उचलून धरले, मी वाकून विटा ओढल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. तो म्हणाला, "दूसरी मंजिल पे ये ईंटें किसलिए, काका?"

"पाणी येईल म्हणून," मी म्हणालो.

तो हसायला लागला आणि पलंगावरच्या साड्या पाहून थांबला. चहाला बस म्हटले, तर खरेच बसला.

तो गेल्यावर मी विटा मोरीत नेऊन धुतल्या. धूळ गेली. प्रत्येक विटेवर अर्ध्या उंचीला जुन्या पाण्याची काळपट रेघ होती, ती काही घासून गेली नाही. चारही विटा मी गॅलरीत सुकत ठेवल्या आणि साड्या पुन्हा कपाटात लावायला घेतल्या. वरचा कप्पा आता एका विटेएवढा खाली आला होता. तिचा हात तिथे सहज पोचला असता.