सांध्याच्या अलीकडे

ठक्. ठक्. ठक्.

हा माझ्या आठवणीतला सगळ्यात जुना आवाज. मिस्त्री बोट दुमडून विमानाचं अंग वाजवत होते. पोकळ आवाज आला की मान हलवत, भरीव आला की तिथे खडूने खूण करत. खोक्यात पडल्या पडल्या मी ऐकत होतो, आपली जागा कुठे निघते ते.

मी नारिंगी रंगाचा एक डबा, वितीएवढा. लहान विमानात मला बसवतात. विमान आदळलं की मी आपोआप जागा होतो आणि आकाशाकडे हाका मारायला लागतो. एकच हाक येते मला, "मी इथे आहे." विमान धड असेपर्यंत मी गप्प असतो. आमच्यापैकी बहुतेकांचं आयुष्य तसंच गप्प सरतं, आणि तेच चांगलं.

हाक माझी असली तरी ती बाहेर जाते अँटेनामधून. ती विमानाच्या पाठीवर उभी असते, मी आत असतो, आणि मध्ये एक तार. ती तार म्हणजे माझा गळाच.

विमान मिस्त्रींच्या मुलीचं. ती त्यातून डोंगरापलीकडच्या वस्त्यांना औषधं आणि टपाल न्यायची. देखभाल बापाकडे. माझ्या आधीचा डबा शेपटीत होता, अँटेनाच्या अगदी खाली. शेपटीवर मार कमी बसतो, म्हणून आमची जागा तिथेच. पण तिथे पोचायचं म्हणजे अरुंद भोकातून रांगत जावं लागे, आणि मिस्त्रींचे गुडघे गेलेले होते. आदल्या वर्षी बॅटरी बदलायला म्हणून आत गेले ते तासभर बाहेरच आले नव्हते.

मला बसवायच्या दिवशीही ते अर्धे आत, अर्धे बाहेर होते.

"बाबा, बाहेर या," मुलगी म्हणाली. "अडकलात तर विमान कापावं लागेल मला."

"काप. तुझंच आहे."

"गुडघेही माझेच आहेत तुमचे. रात्री शेक मीच देते ना? या बाहेर."

ते कण्हत बाहेर आले. तिने मला उचललं आणि मागच्या सीटमागे, सामानाच्या दाराजवळ धरलं. "इथे बसवा. नुसता हात घातला की झालं. अँटेना राहू दे तिकडेच, तार लांब ओढू."

मिस्त्रींनी तिथे वाजवून पाहिलं. "नुसता पत्रा आहे गं इथे."

"मग खाली जाड पट्टी मारा."

"पट्टी मारीन. पण तार सांध्यावरून जाईल. शेपूट जिथे जोडलीय ना, तिथून."

"सांधा कशाला तुटतोय बाबा? तुम्हीच तर बघता तो."

ते बराच वेळ सांध्याकडे बघत राहिले. मला तेव्हा कळत होतं. ओरडून सांगावं असं वाटत होतं, की मिस्त्री, तुमचं पहिलं मनच खरं आहे. पण आम्हाला जागा निवडता येत नाही. ते हसले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "बरं बाई." आपल्या गुडघ्यांची कुणाला तरी काळजी आहे, याचंच त्यांना सुख झालं असावं.

मग त्यांनी मला मन लावून बसवलं. माझ्या अंगावर एक बाण आहे, तो विमानाच्या नाकाकडे हवा. तो त्यांनी तीनदा डोळा लावून तपासला. पट्टी इतकी पक्की मारली की मी तसूभरही हलत नव्हतो. कामात खोट नव्हती. खोट जागेत होती.

चार वर्षं नीट गेली. दर वर्षी मिस्त्री उभ्या उभ्या हात घालत, मला तपासत, थोपटत आणि म्हणत, "झोप आता."

मग एका दुपारी धुक्यात इंजिन खोकलं. झाडं आली. मोठा हिसका बसला आणि मी जागा झालो. हाक मारायला लागलो, पण आवाज बाहेर जाईना. शेपूट सांध्यातून निखळून दरीत गेली होती. अँटेना तिच्याबरोबर गेली आणि माझी तार तुटून हातभर लोंबत होती.

मुलगी जिवंत होती. पोट धरून, पण चालत होती. समोर माझा लाल दिवा लुकलुकत होता. तो पाहून तिचा चेहरा निवळला.

"लागला दिवा," ती म्हणाली. "ओरड रे बाबा, ओरड."

धुकं विरल्यावर खाली, फार लांब नाही, रस्ता दिसला. एक ट्रक गेला. ती उठली, चार पावलं चालली आणि थांबली. "नको," स्वतःशीच म्हणाली. "बाबांनी बजावलंय, डबा चालू असला की विमान सोडायचं नाही. येतीलच."

माझा दिवा सांगत होता की मी ओरडतोय. ते खरं होतं. कुणालाच ऐकू जात नाही, हे सांगणारा दिवा माझ्यात नाही. जा, त्या रस्त्याने जा, एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक विमान पलीकडच्या डोंगरावरून घिरट्या घालून परत गेलं. तिसऱ्या दिवशी माझी बॅटरी संपली. मुलगी त्याआधीच बोलायची थांबली होती.

लाकूडतोड्यांना आम्ही सापडलो चौथ्या दिवशी.

चौकशीच्या खोलीत मी टेबलावर होतो. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला नवी बॅटरी घालून तपासलं. "डबा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तार सांध्यावर तुटली. शेपटीत असता तर..." त्यांनी कागद पुढे ओढला. "ही जागा कुणी ठरवली?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"का?"

मिस्त्रींनी हात गुडघ्यांवर ठेवले. "सोयीची वाटली."

साहेबांनी लिहून घेतलं.

आता मी मिस्त्रींच्या शेडमधल्या फळीवर असतो. कुणी मला विचारत नाही, तरी सांगतो. आम्हाला बसवताना हात कुठे पोचतो ते बघू नका हो. विमानाचे दोन तुकडे झाले तर कोण कोणाबरोबर राहील, ते बघा. आम्हाला आमच्या गळ्यापासून तोडू नका.

काल कुणा दुसऱ्याच्या विमानाला नवा डबा बसवायचा होता. मिस्त्री शेपटीत शिरले. त्याच गुडघ्यांवर, रांगत. आतून आवाज येत राहिला, ठक्, ठक्. फार वेळ. "या बाहेर" म्हणणारं कुणी नव्हतं.

काम आटोपून ते माझ्यासमोर उभे राहिले. बोट दुमडून मला एकदाच वाजवलं आणि कान देऊन थांबले.

ती तुमच्यावर रागावली नव्हती, मिस्त्री. शेवटपर्यंत वाट बघत होती. हे माझ्याजवळ आहे. पण मला एकच हाक येते, आणि आता तीही नाही.

त्यांनी हात पुसले, दिवा मालवला आणि लंगडत निघून गेले.