चमच्यानं पाणी

ठमी तीन वर्षांची. त्या मंगळवारी सकाळी तिनं दुधाचे दोन घोट घेतले आणि सगळं अंथरुणावर ओकली. तिची आई पहाटेच बेकरीत कामाला गेली होती, घरात फक्त बाप. तो नळकाम करायचा. चार मजली इमारतीचा पंप, टाक्या, व्हॉल्व्ह सगळं त्याच्याकडे होतं आणि त्याबद्दल तळमजल्यावर जिन्यामागच्या दोन खोल्या त्यांना राहायला होत्या.

काल काहीतरी अरबटचरबट खाल्लं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं चादर बदलली. अकरा वाजेपर्यंत दोन चादरी, चार चड्ड्या आणि त्याचा स्वतःचा शर्ट मोरीत जाऊन पडला. आता जुलाबही लागले होते, नुसतं पाणी. ठमी रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. ते पाहिलं तसं तिला टॉवेलात गुंडाळून त्यानं दवाखाना गाठला.

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी ठमीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. चुणी पडली ती लवकर जाईना.

"शू कधी केली शेवटची?"

त्याला आठवेना. "रात्री असेल."

डॉक्टरांनी तपासलं. पोटात पाणी टिकलं तर सलाईनची गरज नाही, पण संध्याकाळपर्यंत शू झाली नाही तर सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या, म्हणाले. सिस्टरनी साखर-मिठाच्या पुड्या त्याच्या हातात ठेवल्या.

"लिटरभर पाण्यात एक पुडी. पाणी उकळून गार केलेलं. पेल्यानं द्यायचं नाही, चमच्यानं. मिनिटाला एक चमचा."

"ती तेही ओकून टाकेल."

"टाकू दे. दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. ओकतंय म्हणून माणसं पाणी बंद करतात, आणि तिथंच पोर हातचं जातं. तुम्ही कंटाळायचं नाही." त्यांनी वही ओढली. "पत्ता?"

त्यानं सांगितला. सिस्टरनी मान वर केली. "त्याच इमारतीतलं आजचं हे तिसरं पोर. पाणी कुठलं पिता तुम्ही?"

"नळाचं," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं पातेलं नळाखाली धरलं आणि त्याचा हात तिथंच थांबला.

नऊ दिवसांपूर्वी तो जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून आत उतरला होता. भिंतीला चीर गेलेली, आणि त्याच भिंतीला लागून संडासाचा पाइप. पाइपाचा जोड पाझरत होता. टाकी रिकामी करायची, जोड बदलायचा, भिंत लिंपायची, म्हणजे दोन दिवस पाणी बंद. चारही मजले त्याच्या नावानं खडे फोडणार. त्यानं चिरेवर सिमेंटचा हात फिरवला आणि ठरवलं, पुढच्या रविवारी बघू. तो रविवार येऊन गेला होता. कुणाला तो काही बोलला नव्हता.

त्यानं पातेलं ओतून टाकलं. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, ठमीला खांद्यावर टाकलं आणि जिना चढून एकेक दार वाजवत सुटला.

"नळाचं पाणी पिऊ नका. भरून ठेवलेलंही ओतून टाका."

"का रे, काय झालं?"

"गढूळ येतंय जरा."

दुसऱ्या मजल्यावर शिंपीण राहायची. तिनं दार उघडलं तेव्हा मशीनच्या सुईखाली कुणाची तरी पँट तशीच अडकलेली होती आणि तिच्या खांद्यावर आठ महिन्यांचं बाळ मान टाकून पडलं होतं.

"याचंही पोट बिघडलंय कालपासून," ती म्हणाली. "पाजलं की ओकतो. म्हणून सकाळपासून काही दिलंच नाही. म्हटलं, पोटाला आराम."

सिस्टरचं बोलणं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पाण्याचा विषय वाढला की टाकीचं निघणार. "ताई, दवाखान्यात न्या त्याला."

"नेते की. चारला गिऱ्हाईक येतंय, त्याचं झालं की निघते."

इतक्यात ठमीला उमासा आला आणि त्याच्या पाठीवरून ऊन ओघळ गेला. तो तसाच खाली पळाला.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं पाण्याचा कॅन आणला, तेही पाणी उकळलं, गार केलं, पुडी सोडली. ठमीला मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो बसला. मिनिटाला एक चमचा. ती ओठ घट्ट मिटायची. मग तो गालाच्या कोपऱ्यातून चमचा सरकवायचा.

"तुझी टाकी रिकामी झालीय, बाई. भरू दे मला," तो बोलून गेला. मग पुढचा चमचा भरला.

सातव्या चमच्याला तिनं सगळं उलटवलं. दहा मिनिटं थांबून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाराव्याला पुन्हा उलटलं. तिसऱ्या वेळी वीस चमचे टिकले. त्याच्या मांडीला मुंग्या आल्या, पाठ धरली, पण उठायचा धीर होईना. तीनला बायको आली. दारातच तिनं सगळं ओळखलं, कॅनमधल्या पाण्यानं हात धुतले आणि त्याच्या हातातून चमचा घेतला.

"तू काही खाल्लंस का?"

"नको."

साडेपाचला ठमीची चादर ओली झाली. बायकोनं हात लावून पाहिलं, वास घेतला. "शू आहे रे," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

जिन्यावरून कुणीतरी धावत उतरलं. शिंपीण होती, बाळ शालीत गुंडाळलेलं, नवरा पुढे रिक्षा थांबवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंच परत आली तेव्हा बाळाची शाल तिच्या हातात घडी केलेली होती.

गुरुवारी जिन्यात बायका बोलत होत्या. "बाटली धूत नसेल नीट. दिवसभर ते मशीन, पोराकडे बघायला वेळ कुठे?"

तो घरात गेला आणि बायकोला सगळं सांगितलं. टाकी, चीर, नऊ दिवस, आणि दारात उभं राहून न बोललेलं ते एक वाक्यही. ती ठमीला मऊ भात भरवत होती. तिचा हात थांबला.

"खोल्या जातील आपल्या," ती म्हणाली.

"हो."

"दोन दिवस थांब. शिंपिणीला आधी रडून तरी घेऊ दे."

"ते लोक आज बोलतायत तिला."

तिनं ठमीसाठी पुढचा घास कालवला. तो वर गेला.

शिंपीण बंद मशीनसमोर बसली होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"बाटली मी उकळायचे," शेवटी ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. पाणी तेवढं नळाचं घ्यायचे. वाटायचं, तू आहेस ना बघायला."

ती त्याच्याकडे वळली.

"पाणी बंद करायचं नसतं, हे तुला माहीत होतं परवा?"

"हो. सिस्टरनी सांगितलं होतं."

"आणि माझ्या दारात उभा राहून तू 'गढूळ येतंय' म्हणालास."

"हो, ताई."

"जिन्यात जा आणि सगळ्यांना सांग. मला इथं ऐकू येईल असं सांग."

तो जिन्याच्या मधल्या वळणावर उभा राहिला. टाकीपासून शिंपिणीच्या दारापर्यंत सगळं त्यानं मोठ्यानं सांगितलं. दारं एकेक करून उघडली. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं शिवी घातली, त्याचा नातूही आजारी होता. कुणी काही फेकून मारलं नाही, पण खाली उतरताना लोक त्याच्यापासून अंग चोरून भिंतीला चिकटले.

पुढचे दोन दिवस त्यानं एकट्यानं टाकी उपसली, घासली, जोड बदलला, भिंत लिंपली. आरोग्य खात्याचा माणूस येऊन त्याचा जबाब घेऊन गेला. चौकशी अजून चालू आहे. महिनाअखेर त्यांनी खोल्या सोडल्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामावरची खोली घेतली. सामान टेम्पोत चढवताना दुसऱ्या मजल्यावर मशीन चालू होतं. ते एकदाही थांबलं नाही.

ठमीला अंग धरायला तीन आठवडे लागले. एका दुपारी तिनं ताटली पुढे करून आणखी भात मागितला. बायकोनं वाढला. त्यानं तिला खाताना पाहिलं, मग पाठ फिरवून तो मोरीत गेला आणि बराच वेळ हात धूत उभा राहिला.