लिंबाची नऊ पानं

डेल्फिनाने फाउस्टोच्या हातातली कात्री हिसकावून घेतली आणि अंगणाच्या कुंपणापलीकडे भिरकावली. लिंबाच्या झाडाखाली नऊ पानं पडली होती, हिरवीगार, आत्ताच कापलेली. तिने ती खरोखरच मोजली.

"हात कसा धजला तुझा?"

"मावशी, चार पानं तर..."

"नऊ! मोजायलाही येत नाही तुला!"

फाउस्टो हा तिच्या बहिणीचा मुलगा. राजधानी किटोहून येणाऱ्या पाहुण्यांना रान दाखवत फिरायचा आणि त्या जोरावर स्वतःला पक्ष्यांतला जाणकार समजायचा. आज त्याने एक परदेशी फोटोवाला आणला होता. तिवईवर हातभर लांब कॅमेरा चढवून तो बापडा हसू की नको अशा चेहऱ्याने उभा होता.

फांदीच्या बेचक्यात किंदेचं घरटं होतं. किंदे म्हणजे बोटाएवढा पक्षी, फुलासमोर हवेत उभा राहून मध पिणारा. घरटं शेवाळाचं आणि कोळ्याच्या जाळ्याचं, अर्ध्या लिंबाएवढं. आत चार दिवसांची दोन पिल्लं, अंगावर अजून पीस नाही. किंदे बसली की त्या झाडाला हात लावायचा नाही, ही डेल्फिनाच्या आईची शिस्त. म्हणून गेले तीन आठवडे घरचं झाड लिंबांनी लगडलेलं असताना ती शेजारणीकडे लिंबं मागत होती आणि शेजारीण नाक मुरडून देत होती.

आणि या शहाण्याने पानं कापली. का, तर फोटोत पिल्लांची तोंडं नीट दिसावीत!

"याला सांग, निघ म्हणावं. तिवईसकट."

"मावशी, पाहुणा आहे."

"पाहुण्याने घरावरची कौलं उतरवली तर मी कॉफी करून देऊ?"

परदेशी माणसाला शब्द कळले नसावेत, पण आवाज कळला. त्याने मुकाट्याने तिवई मिटली आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

दहाचं ऊन आता थेट घरट्यात उतरलं होतं. पिल्लं चोची वर करून धापा टाकत होती. किंदे जवळ यायची, माणसं बघून माघारी फिरायची. डेल्फिनाने केळीचं पान तोडलं, वरच्या फांदीला बांधलं, सावली पडते का ते पाहिलं. सावली घरट्याच्या वीतभर पलीकडे पडली. गाठ सोडून तिने पुन्हा बांधलं. ही पिल्लं गेली तर या पोराचं तोंड जन्मात बघणार नाही, असं ती मोठ्याने म्हणाली.

"मला एकट्यालाच कशाला बोलतेस?" फाउस्टोही आता तडकला. "इल्दाने सांगितलं होतं. आई रोज फोटो पाठवते, पण पान मध्ये येतं, म्हणे. एक चांगला काढून दे, खोलीत लावायचाय. म्हणून मोठा कॅमेरावाला घेऊन आलो. तुला काय, मला हौस आली होती?"

डेल्फिनाने गाठ पक्की केली, सावली बरोबर घरट्यावर आली आहे ना ते पाहिलं आणि फाउस्टोला हातानेच फाटक दाखवलं.

इल्दा तिची मुलगी. सहा वर्षांपूर्वी स्पेनला गेली, सारागोसात एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करायला. कागदपत्रं झाली की येते, म्हणायची. फोन रोज. रोज नवं मागणं: आई, आवार दाखव, कोंबड्या दाखव, ढग उतरलेत का दाखव. डेल्फिना फोन हातात धरून अंगणभर फिरायची आणि दाखवायची.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई! आला का फाउस्टो? पिल्लं दिसतायत? दाखव ना!"

"तू सांगितलंस पानं कापायला?"

"कापायला कुठे? म्हटलं जरा बाजूला कर. दिसत नव्हतं गं नीट."

"दिसत नव्हतं?" डेल्फिना उसळली. "दिसायला हवं असेल तर यावं माणसाने! सहा वर्षं मी तुला हे झाड दाखव, ते डबकं दाखव करत फिरतेय. तुझ्या खोलीच्या भिंतीसाठी पिल्लं उन्हात भाजली इकडे!"

इल्दा रडवेल्या आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. जिवंत आहेत ना? एकदाच दाखव, आई."

लिंबाच्या झाडाशी फुर्र झालं. किंदे परत आली होती. केळीच्या पानासमोर ती हवेत थबकली, थोडी मागे सरली, पुन्हा पुढे आली. मग आत शिरून घरट्यावर बसली.

"आहेत जिवंत," डेल्फिना म्हणाली. फोन तिने झाडाकडे वळवला नाही. बटण दाबून कॅमेरा उलटा केला आणि फोन आपल्या तोंडासमोर धरला. "आधी मला बघ."

इल्दाचा छोटासा चेहरा पडद्यावर पुढे आला. डोळे पुसता पुसता तिचा हात तसाच राहिला.

"आई, तुझी वेणी कुठे गेली?"

"कापली," डेल्फिना म्हणाली. "दोन वर्षं होतील आता."